दिवाळीचं रॉकेट थर्मल कॅमेऱ्यात धरताना

खाडीकाठचा

माझं काम थर्मोग्राफीचं. सबस्टेशन, कारखान्यांतले पॅनेल, बर्फाच्या फॅक्टरीतले मोटर-स्टार्टर यांचे जॉइंट कुठे तापलेत ते थर्मल कॅमेऱ्यानं शोधायचं आणि रिपोर्ट द्यायचा. त्यामुळे कॅमेरा कायम गाडीत असतो. लक्ष्मीपूजनाच्या रात्री गुहागरला बहिणीकडे होतो. भाचा रॉकेटचं पाकीट घेऊन किनाऱ्यावर निघाला, तेव्हा कॅमेरा घेऊन मीही गेलो. उडतं रॉकेट इन्फ्रारेडमध्ये, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या उष्णतेच्या प्रकाशात, कसं दिसतं ते कित्येक दिवस बघायचं होतं.

कॅमेरा साधा, हातात धरायचा. २५६ बाय १९२ पिक्सेल, सेकंदाला ९ चित्रं. रॉकेट सोडायच्या आधी नुसतं इकडेतिकडे फिरवून बघितलं. वाळू निवलेली, समुद्र तिच्याहून उबदार, त्यामुळे लाटेची कड स्क्रीनवर पांढरी आणि किनारा करडा. डोक्यावरचं आकाश २ अंश दाखवत होतं आणि क्षितिजाकडे खाली आणलं की २१. आकाश काही दोन अंशांचं नसतं. कॅमेरा मोजतो ती मधल्या हवेतल्या बाष्पाची ऊब. सरळ वर बघितलं की थर पातळ, आडवं बघितलं की जाड. देशावर थंडीच्या कोरड्या रात्री हाच कॅमेरा आकाशाला उणे वीसच्या खाली नेतो. आपल्याकडची हवा तेवढं खाली जाऊ देत नाही.

मग रॉकेट. डोळ्यांना दिसलं ते नेहमीचंच: फुस्स, ठिणग्यांची रेघ, वर जाऊन फटाका. कॅमेऱ्यात मात्र तीन गोष्टी वेगळ्या दिसल्या.

चढण जेमतेम दीड सेकंदाची, म्हणजे माझ्या वाट्याला तेरा-चौदा चित्रं. त्यातल्या निम्म्यांत रॉकेट ठिपक्यासारखं न दिसता शेपूट असलेल्या रेघेसारखं आलं. पहिल्या रॉकेटला स्क्रीनवर ‘१५० च्या वर’ एवढंच लिहून आलं, कारण खालची रेंज तिथेच संपते. दुसऱ्याला वरची रेंज लावली तर जास्तीत जास्त १८६ अंश. दारू जळते हजार अंशांच्या वर, म्हणजे हा आकडा सरळ खोटा. आणि तिसरी गोष्ट, जिच्यासाठी हा धागा काढला: ठिणग्या विझल्यावर डोळ्यांपुरतं रॉकेट संपलं होतं, पण कॅमेऱ्यात ते संपलं नव्हतं. काळ्या आकाशातून एक पांढरा ठिपका संथपणे खाली येताना पूर्ण दिसला. सुरूच्या झाडांपलीकडे गेला आणि दिसेनासा झाला. भाचा धावत गेला, मी मागून कॅमेरा घेऊन. तोच ओरडला, “मामा, ते बघ वाळूत पांढरं!” जळकी नळी वाळूत अर्धी रुतून पडली होती. बॅटरीच्या उजेडात ती आम्हाला सापडली नसती.

खरी रॉकेटं इन्फ्रारेडमध्ये बघणारे लोक याच तीन गोष्टींशी झगडत आलेत, असं मला वाचताना दिसतं. इथे कुणी या विषयातलं असेल तर कृपया भर घाला.

हापूसवाली_देवगड

वाचताना मजा आली. तो १८६ चा आकडा खोटा का आला, ते समजेल असं सांगाल का? आणि शेपूट कशामुळे?

खाडीकाठचा

सांगतो. माझ्या कॅमेऱ्याची नजर आडवी साधारण ५६ अंशांची आहे. ती २५६ पिक्सेलांत वाटली की चाळीस मीटरवर एका पिक्सेलच्या वाट्याला १५ सेंटिमीटरचा चौकोन येतो, म्हणजे २२५ चौरस सेंटिमीटर. रॉकेटची नळी दोन सेंटिमीटर जाड आणि आठ लांब, म्हणजे १६. एका पिक्सेलमध्ये चौदावा हिस्सा नळी आणि उरलेलं गार आकाश. कॅमेरा दोघांची सरासरी करून एकच आकडा देतो. त्यात ज्योत म्हणजे वायू, ती भरीव वस्तूसारखी उष्णता फेकत नाही, म्हणून आकडा आणखी पडतो.

शेपटाचं कारण सेन्सर. स्वस्त थर्मल कॅमेऱ्यात मायक्रोबोलोमीटर असतो: प्रत्येक पिक्सेल म्हणजे एक बारीकशी पत्री, जी खरोखर तापते आणि निवते. निवायला तिला दहा मिलिसेकंदांच्या आसपास लागतात. तेवढ्यात रॉकेट दोन पिक्सेल पुढे गेलेलं असतं.

यातली पहिली चूक मी कामात भोगली आहे. एका ठिकाणी ३३ केव्ही लाइनचा जॉइंट जमिनीवरून मोजला, ६१ अंश आले. ‘लक्ष ठेवावे’ असा शेरा दिला. जॉइंट होता मुठीएवढा आणि एवढ्या अंतरावर माझा पिक्सेल त्याहून मोठा. तीन आठवड्यांत तो वितळून तार खाली आली. कुणी तारेखाली नव्हतं म्हणून बरं, पण दोन वाड्या रात्रभर अंधारात होत्या. तेव्हापासून वस्तू निदान तीन पिक्सेल रुंद दिसल्याशिवाय मी तापमान लिहीत नाही.

सड्यावरून

एक बाळबोध शंका. श्रीहरिकोट्याहून रॉकेट सुटतं तेव्हा रत्नागिरीच्या सड्यावरून पूर्वेला असा कॅमेरा लावला तर काही दिसेल का? डोळ्यांना दिसणार नाही हे माहीत आहे, पण उष्णता?

त्रिज्या

शंका बाळबोध नाही, गणित करण्यासारखी आहे. रत्नागिरी ते श्रीहरिकोटा सरळ रेषेत सुमारे ८२० किमी. पृथ्वी गोल असल्यामुळे एवढ्या अंतरावरची वस्तू आपल्या क्षितिजावर यायला ५३ किमी उंच हवी. पण आपल्या पूर्वेला मोकळं क्षितिज कुठे आहे? सह्याद्रीची भिंत आहे. किनाऱ्यावरून ती पाऊण-एक अंश वर येते, म्हणजे ६५ किमीच्या आसपास उंची लागणार. त्यातही रॉकेट पूर्वेकडे, आपल्यापासून लांबच चाललेलं.

आता इस्रोचं जड रॉकेट एलव्हीएम-३ घ्या. त्याचे दोन एस-२०० बूस्टर, म्हणजे बाजूला जोडलेली घन इंधनाची रॉकेटं, उड्डाणानंतर सुमारे १२७ सेकंदांनी, ६२ किमीच्या आसपास गळून पडतात. सगळ्यात झगझगीत ज्वाळा त्यांचीच, कारण घन इंधनात ॲल्युमिनियमची भुकटी असते. म्हणजे रॉकेट सह्याद्रीवरून डोकवायच्या बेताला येतं, तोवर सगळ्यात तेजस्वी भाग संपलेला असतो. पुढे मधल्या एल-११० टप्प्याचं द्रव इंधन, ज्याची ज्योत डोळ्यांना फिकी असते. इन्फ्रारेडमध्ये ती चांगली दिसते, पण आपल्याला एका अंशावर बघायचं म्हणजे शेकडो किलोमीटर दमट हवेतून आडवं बघायचं. खाडीकाठचा यांनी क्षितिजाकडचे २१ अंश सांगितले, त्यातच उत्तर आलं.

सड्यावरून

पटलं. वाईट वाटलं, पण पटलं. :)

गॅलरीतून_पाहिलेलं

मी १४ जुलै २०२३ ला चंद्रयान-३ चं उड्डाण श्रीहरिकोट्याच्या प्रेक्षक गॅलरीतून पाहिलं. रत्नागिरीहून रेल्वेनं गेलो होतो, आई-बाबा सोबत. दुपारी २.३५ ला उडालं, आवाज पोचेपर्यंत ते बरंच वर होतं, आणि मग ढगात शिरलं. बाबा मला म्हणाले, “इस्रोवाल्यांकडे इन्फ्रारेड असणार, त्यांना ढगापलीकडचं दिसत असेल.” खरंच दिसतं का? बाबांना सांगायचंय.

खाडीकाठचा

बाबांना सांगा की दाट ढगातून नाही दिसत. हा समज फार पसरलेला आहे. धूर आणि कोरडी धूळ यांतून थर्मल कॅमेरा बऱ्यापैकी बघतो, कारण धुराचे कण इन्फ्रारेडच्या तरंगलांबीपेक्षा बारीक असतात. ढगातले थेंब असतात दहा मायक्रॉनच्या घरातले (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), आणि साध्या थर्मल कॅमेऱ्याची नजरसुद्धा ८ ते १४ मायक्रॉन तरंगलांबीची. त्यात पाणी ही उष्णता शोषून घेतं. कॅमेऱ्याला ढग म्हणजे भिंत. ढगापलीकडचं बघायचं तर रडार, नाहीतर टेलिमेट्री, म्हणजे रॉकेटनं स्वतः रेडिओवरून धाडलेली माहिती. ओडिशात चांदीपूरला क्षेपणास्त्रांच्या चाचण्या होतात, तेव्हाच्या सरकारी निवेदनांत तीन नावं बहुधा एकत्र येतात: रडार, इलेक्ट्रो-ऑप्टिकल ट्रॅकिंग (कॅमेऱ्यांनी माग काढणं), टेलिमेट्री. एकावर भागत नाही.

म्हणूनच अमेरिकेनं कॅमेरे विमानात चढवले. कोलंबिया या स्पेस शटलच्या, म्हणजे अंतराळात जाऊन परत उतरणाऱ्या यानाच्या, अपघातानंतर २००५ मध्ये शटल पुन्हा उडलं, तेव्हा नासानं डब्ल्यूबी-५७ जातीची विमानं ढगांच्या खूप वर नेऊन उड्डाण टिपलं. ही विमानं साठ हजार फुटांवर जातात. ढग खाली राहतात आणि बाष्पही.

दर्याचो_राजा

माका येक सांगा. ह्या कॅमेऱ्यान रात्री समुद्रातली होडी दिसता काय? आमचे पोरगे रात्री मासे मारूक जातत. रॉकेटाचा माका काय कळना नाय, पण ह्या उपयोगाचा आसा.

खाडीकाठचा

दिसते, दादा. माणूस आणि इंजिन समुद्रापेक्षा गरम असतं, त्यामुळे होडी उठून दिसते. माझ्या कॅमेऱ्यात दीड-दोनशे मीटरपर्यंत. त्यापुढे लांब पल्ल्याची लेन्स लागते आणि ती महाग असते, कारण ही लेन्स काचेची नसते. साधी काच ही उष्णता आरपार जाऊच देत नाही, म्हणून जर्मेनियम वापरतात. घरातल्या खिडकीच्या काचेआडून थर्मल कॅमेरा धरलात तर काचेचंच तापमान दिसतं. आणि होडीवर नेणार असाल तर खारा शिंतोडा कोरड्या फडक्यानं पुसू नका, मिठाचे कण लेन्सच्या लेपावर ओरखडे पाडतात. आधी गोडं पाणी.

भट्टीपुढे

मी बॉयलर आणि भट्ट्यांच्या तपासणीत आहे, थोडी भर घालतो. पेटलेल्या भट्टीत आतल्या नळ्या बघायच्या असतात, पण मध्ये ज्वाळा. आम्ही ३.९ मायक्रॉनचा फिल्टर लावलेला कॅमेरा वापरतो. ज्वाळेतले गरम वायू म्हणजे मुख्यतः वाफ आणि कार्बन डायऑक्साइड. वाफ २.७ मायक्रॉनजवळ जोरात उष्णता फेकते, कार्बन डायऑक्साइड ४.३ जवळ. मधल्या ३.९ ला दोघंही जवळजवळ गप्प असतात. पहिल्यांदा बघाल तर विश्वास बसत नाही: डोळ्यांसमोर पिवळा आगडोंब, आणि स्क्रीनवर ज्वाळा नाहीशी होऊन मागच्या नळ्या, त्यांच्यावरची राखेची पुटं, एखादी फुगलेली नळी, सगळं स्वच्छ.

रॉकेटलाही हाच न्याय लागू. काय बघायचंय ते आधी ठरवायचं. ज्वाळा शोधायची तर ४.३ वर बघा, ज्वाळेआडचं धूड बघायचं तर ३.९ वर. मात्र हे वायूपुरतंच. ॲल्युमिनियमच्या घन इंधनातून ऑक्साइडचे तापलेले कण निघतात, केरोसीनमधून काजळी. हे कण सगळ्याच तरंगलांब्यांत उजळतात, तिथे फिल्टरची युक्ती अपुरी पडते.

आणि हायड्रोजनची गंमत: त्याची ज्योत दिवसाउजेडी डोळ्यांना दिसतच नाही. अमेरिकेत जुन्या काळी गळतीच्या जागी जाताना तंत्रज्ञ पुढे केरसुणी धरून चालत. केरसुणी पेटली की समोर आग आहे. इन्फ्रारेड कॅमेऱ्यानं ती केरसुणी हातातून सोडवली.

हापूसवाली_देवगड

केरसुणीचं घरात सगळ्यांना वाचून दाखवलं.

त्रिज्या

भट्टीपुढे यांचं वाचून उपग्रहांचं कोडं सुटलं. क्षेपणास्त्र सुटल्याची खबर देणारे अमेरिकी उपग्रह १९७० च्या दशकापासून ३६ हजार किमीवर आहेत आणि त्यांचे सेन्सर नेमके २.७ आणि ४.३ मायक्रॉनजवळ बघतात. मला वाटायचं हा वेडेपणा आहे, कारण आपल्या हवेतली वाफ आणि कार्बन डायऑक्साइड त्याच तरंगलांब्या गिळतात. पण ते गिळणंच कामाचं. वरून बघताना जमिनीवरची तापलेली वाळू, वणवे, ढगांवरून उसळणारं ऊन, यातलं बरंचसं खालची हवा झाकून टाकते. रॉकेट त्या दाट हवेच्या वर आलं की काळ्या पाटीवर खडूचा ठिपका. १९९१ च्या आखाती युद्धात इराकची स्कड क्षेपणास्त्रं याच उपग्रहांनी टिपली.

आपण खालून बघतो तेव्हा मात्र हीच हवा शत्रू.

टेलिमेट्री_पुरे

चर्चा छान, पण मूळ मुद्द्यालाच माझी हरकत आहे. रॉकेटच्या अंगावर सेन्सर असतात, ते प्रत्येक क्षणी खरं तापमान पाठवतात. लांबून, हलत्या विमानातून, हवेचा पडदा मध्ये ठेवून काढलेल्या चित्राची गरजच काय? तुम्हीच सांगितलंत की १८६ चा आकडा खोटा. मग अशा आकड्यावर कुणी का विसंबावं?

खाडीकाठचा

हरकत रास्त आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सेन्सर जिथे बसवला तिथलंच सांगतो. पॅनेलमध्ये मी तीन ठिकाणी तापमापी चिकटवू शकतो, पण बिघडणारा जॉइंट हमखास चौथा असतो. चित्र सगळीकडचं सांगतं. आकड्यात कच्चं असेल, पण ‘कुठे’ हे चित्रालाच कळतं.

२००९ च्या मार्चमधलं उदाहरण बघा. डिस्कव्हरी शटलच्या डाव्या पंखाखालच्या एका टाइलवर (उष्णता अडवणाऱ्या फरशीवर) मुद्दाम पाव इंच उंचीचा उंचवटा ठेवला होता. परत येताना ध्वनीच्या कित्येक पट वेगात पंखाखालून हवा गुळगुळीत थरानं वाहते, तोवर टाइल कमी तापते. थर फिस्कटला, हवा खळबळली, की तिथलं तापणं एकदम वाढतं. प्रश्न असा की एवढासा उंचवटा थर कधी फिस्कटवतो, आणि मागे किती रुंद पट्टा तापतो. शटलच्या पोटावर हजारो टाइल होत्या. दोन टाइलमधली भराई जरा बाहेर आली तर अंतराळवीरांनी बाहेर पडून ती काढायची की तशीच ठेवायची, हा निर्णय या उत्तरावर अवलंबून. कोलंबियाची, कल्पना चावलांची आठवण ज्यांना आहे त्यांना हे जास्त सांगायला नको. तिथे बिघाड वेगळा होता, पंखाची कडच फुटली होती. पण परतीच्या वाटेवर उष्णता कुठे शिरते हे बाहेरून कळण्याची गरज तेव्हाच सगळ्यांना जाणवली.

तर मेक्सिकोच्या आखातावर नौदलाचं ओरायन विमान उभं केलं होतं, लांब पल्ल्याच्या कॅमेऱ्यासह. शटल वरून गेलं आणि चित्रात उंचवट्यामागे पाचरीच्या आकाराचा गरम पट्टा दिसला. नासाच्या या प्रकल्पाचं नाव हायथर्म. तुम्ही म्हणता ते सेन्सर पंखावर होतेच, आणि चित्रातल्या उजेडाचं तापमानात रूपांतर त्यांच्याशी ताडून पाहिलं. म्हणजे ‘हे की ते’ असा प्रश्नच नाही. सेन्सर आकडा पक्का करतो, चित्र तो आकडा अंगभर पसरवतं.

आणि त्यांनी तिथे ८ ते १४ मायक्रॉन वापरलं नाही. तरंगलांबी वाढली की तेवढ्याच लेन्समधून चित्र धुरकट होत जातं. हजार अंशांच्या जवळ गेलेली वस्तू लाल रंगाच्या जरा पलीकडे, एका मायक्रॉनच्या आतबाहेरही भरपूर उजळते. तिथे चित्र दहापट बारीक मिळतं. अंगाच्या तापाला, जॉइंटला, होडीला लांब तरंगलांबी. शटलच्या पोटाला आखूड.

टेलिमेट्री_पुरे

‘चौथा जॉइंट’ पटला. पण हे शटलपुरतं. साधं रॉकेट तर परत येत नाही.

भट्टीपुढे

आता येतं की! २१ सप्टेंबर २०१४ ला स्पेसएक्स या अमेरिकी कंपनीच्या फाल्कन-९ रॉकेटचा पहिला टप्पा इंजिनं पुन्हा पेटवून, शेपटाकडून खाली येत होता. स्पेसएक्स आणि नासानं मिळून ते इन्फ्रारेडमध्ये टिपलं, पुन्हा तेच ओरायन आणि डब्ल्यूबी-५७. ध्वनीपेक्षा जास्त वेगात समोरून हवा येतेय आणि तिच्याच तोंडावर इंजिन ज्वाळा सोडतंय, तर ज्वाळा उलटून रॉकेटलाच गुंडाळेल का, तोल जाईल का, हे तेव्हा कुणी उडत्या रॉकेटवर नीट पाहिलं नव्हतं. नासाला त्यात रस मंगळामुळे, कारण हा टप्पा इंजिनं पेटवतो त्या उंचीवरची हवा मंगळावरच्या हवेइतकी विरळ असते आणि तिथे जड यान उतरवायचं तर नुसत्या पॅराशूटनं भागत नाही. तो टप्पा शेवटी समुद्रात गेला, हाताला लागला नाही. राहिली ती टेलिमेट्री आणि ही चित्रं.

सिंदेवाहीची_सून

माहेर चिपळूण, सासर चंद्रपूरकडे. खाडीकाठचा यांच्या ‘पांढऱ्या ठिपक्या’वरून आठवलं. २ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. आम्ही सगळे अंगणात होतो, आकाशातून पेटत्या गोळ्यांची रांग सरकत गेली. आवाज नाही, घाई नाही. सासूबाईंनी हात जोडले. दुसऱ्या दिवशी कळलं की लाडबोरीला धातूचं मोठं कडं पडलंय, उभा माणूस सहज आत मावेल एवढं. चिनी रॉकेटचा वरचा टप्पा होता तो. मला तेव्हापासून एकच प्रश्न आहे: गोळे विझले ते आम्ही पाहिलं, पण कडं पडताना कुणालाच कसं दिसलं नाही?

खाडीकाठचा

ताई, तुमच्या प्रश्नानं अंगावर काटा आला. ते विझले ते फक्त डोळ्यांपुरते. पाचशे अंशांच्या खाली आलेली वस्तू अंधारातही डोळ्यांना काळीच असते. हवा दाट झाली, वेग मोडला, चकाकी गेली, आणि तिथून जमिनीपर्यंतची शेवटची काही मिनिटं ते कडं गरम पण न दिसणारं असं खाली येत होतं. तेव्हा कुणी त्या दिशेला चांगला थर्मल कॅमेरा धरला असता तर ते येताना बहुधा दिसलं असतं.

गॅलरीतून_पाहिलेलं

बाबांना सगळा धागा वाचून दाखवला. ते विचारतायत, पुन्हा प्रयोग करणार का?

खाडीकाठचा

केला. काल तुळशीचं लग्न होतं, भाच्यानं चार रॉकेटं राखून ठेवली होती.

या वेळी कॅमेरा तिकाटण्यावर, बाटलीपासून सहा मीटरवर. एवढ्या जवळ पिक्सेल दोन सेंटिमीटरवर येतो, म्हणजे नळी जेमतेम एक पिक्सेल जाड आणि साडेतीन-चार लांब. माझ्या तीन पिक्सेलच्या नियमात ती अजून बसत नाही, पण आकाशाची भेसळ बरीच कमी. रेंज वरची, पक्की लावलेली. वात पेटवायला भाऊजी, भाचा माझ्या मागे.

चारांपैकी दोन रॉकेटं पहिल्याच चित्रात चौकटीबाहेर गेली. तिसऱ्याची दोन चित्रं मिळाली, जास्तीत जास्त ३४० अंश. चौथं बाटलीत क्षणभर अडकून मग सुटलं आणि त्याची पाच चित्रं मिळाली, ४१२ अंश. रॉकेट तेच, दारू तीच, फक्त मी चौतीस मीटर जवळ आलो आणि १८६ चे ४१२ झाले. दोन्ही आकडे अजून खरे नाहीत, पण कुठल्या बाजूला खोटे आहेत ते कळलं.

त्या चौथ्याची नळी पडल्यावर लगेच उचलली नाही, कॅमेरा लावून बसलो. नळीच्या तोंडाशी मातीची बोंडी असते, तिच्यातल्या भोकातून धूर सुटतो. कागद अर्ध्या मिनिटात वाळूएवढा गार झाला. ती मातीची बारीक गोल कड मात्र दोन मिनिटांनंतरही वेगळी दिसत होती, अंधारात बांगडीसारखी. भाच्यानं विचारलं, “मामा, खऱ्या रॉकेटचं पण तोंडच शेवटपर्यंत गरम राहतं का?” त्याला म्हटलं, फाल्कनची चित्रं घरी गेल्यावर दोघं मिळून बघू. आज रात्री बसणार आहोत.